गॅलिपोलीचा ‘बहादूर’

१९ मे १९१५ ची पहाट. तुर्कस्तानातील गॅलिपोली द्वीपकल्पावर, एजियन समुद्राच्या काठाला लागून असलेल्या चिंचोळ्या भूभागात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैन्य साडेतीन आठवडे डोंगराला बिलगून बसले होते. त्यांना समुद्रात लोटून देण्यासाठी सुमारे ४२ हजार तुर्की सैनिक त्या पहाटे खंदकांवर चालून आले. दुपारपर्यंत हा हल्ला पुरता फसला. तुर्कांचे सुमारे दहा हजार सैनिक जायबंदी झाले, त्यांपैकी तीन हजार प्राणास मुकले. ऑस्ट्रेलियनांचे १६० सैनिक मारले गेले आणि ४६८ जखमी झाले. याच सकाळी, खंदकांच्या मागच्या घळीतून जखमींना आणण्यासाठी निघालेला बावीस वर्षांचा एक साधा शिपाई मशीनगनच्या माऱ्यात सापडून जागीच गतप्राण झाला. त्याच्या हाती बंदूक नव्हती. सोबतीला होते ते एक गाढव.

सैन्याच्या दफ्तरी या शिपायाचे नाव जॉन सिम्प्सन असे होते. पुढे ऑस्ट्रेलियातील शाळकरी मुलांच्या पाठ्यपुस्तकांत, टपाल तिकिटांवर, पदकांवर आणि चौकाचौकांतील शिल्पांत तो आणि त्याचे गाढव अजरामर झाले. ज्या देशाने त्याला राष्ट्रीय प्रतीक मानले, त्या देशात त्याचा जन्म झाला नव्हता. ज्या नावाने तो ओळखला गेला, ते त्याचे पूर्ण नाव नव्हते. आणि ज्या कामासाठी त्याचा गौरव झाला, ते काम करण्यासाठी त्याला प्रत्यक्षात मिळाले अवघे चोवीस-पंचवीस दिवस.

वाळूवरची गाढवे

जॉन सिम्प्सन कर्कपॅट्रिक याचा जन्म ६ जुलै १८९२ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील साउथ शील्ड्स या गावी झाला. टाईन नदीच्या मुखाशी वसलेले हे गाव कोळसा, जहाजे आणि खलाशी यांवर जगणारे. आईवडील मूळचे स्कॉटलंडचे. वडील रॉबर्ट व्यापारी जहाजांवर खलाशी होते. आईचे नाव सारा. माहेरचे तिचे आडनाव सिम्प्सन. घरची परिस्थिती बेताचीच असल्याने जॅकला (घरी त्याला याच नावाने हाक मारीत) लहानपणापासूनच कामाला लागावे लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीत साउथ शील्ड्सच्या वाळूवर सहलीला येणाऱ्या मुलांना गाढवावरून फेरी मारून आणण्याचे काम तो करी. जनावराला न मारता, न ओरडता चालते कसे ठेवायचे, हे तो तिथे शिकला. पुढे काही काळ त्याने दूधगाडीवरही काम केले.

१९०९ च्या अखेरीस वडिलांचे निधन झाले आणि सतरा वर्षांचा जॅक व्यापारी जहाजावर रुजू झाला. जहाजावरचे जीवन त्याला मानवले नाही. मे १९१० मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदरात जहाज लागले असता तो गुपचूप उतरला आणि परतलाच नाही. नव्या देशात ना ओळख ना पाळख. मिळेल ते काम करीत तो भटकत राहिला. कधी क्वीन्सलंडमध्ये ऊसतोडणी केली, कधी गुरे हाकली, कधी कोळशाच्या खाणीत घाम गाळला. पश्चिम ऑस्ट्रेलियातील सोन्याच्या खाणींचेही दार त्याने ठोठावून पाहिले. त्यानंतरची दोन-तीन वर्षे किनारी जहाजांच्या भट्टीत कोळसा टाकण्यात गेली.

या काळात आईला आणि बहीण ॲनीला त्याने लिहिलेली पत्रे जपून ठेवली गेली आहेत. पत्रासोबत तो आईला पैसे पाठवी. या पत्रांतून दिसणारा तरुण मायाळू आहे, मिश्कील आहे आणि हाणामारीला मागे न सरणाराही आहे. त्याची राजकीय मते कमालीची जहाल होती. इंग्लंडमधील सरदार-उमराव आणि धनिकांची सद्दी संपवायची, तर तिथे क्रांतीच व्हायला हवी, असे त्याचे स्पष्ट मत होते. पुढे ज्यांनी त्याला साम्राज्यनिष्ठेचा पुतळा बनवले, त्यांनी पत्रांतला हा भाग सोयीस्करपणे दृष्टीआड केला.

घरी जाण्याची वाट

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, तेव्हा जॅक पश्चिम ऑस्ट्रेलियात होता. त्याच महिन्यात त्याने पर्थ येथे सैन्यात नाव नोंदवले. नोंदवताना कर्कपॅट्रिक हे आडनाव त्याने गाळले आणि आईचे माहेरचे आडनाव लावले. जहाज सोडून पळाल्याची जुनी भानगड पुन्हा उपटू नये, असा त्यामागे विचार असावा. सैन्यात जाण्याचे एक कारण अगदी घरगुती होते. ऑस्ट्रेलियन फौज इंग्लंडला जाणार, अशी तेव्हा सर्वांचीच समजूत होती. फुकटच्या प्रवासात घरी पोहोचता येईल आणि आईला भेटता येईल, हा त्याचा हिशेब होता.

दणकट बांध्याचा हा तरुण तिसऱ्या फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये घेतला गेला. आज ‘ॲम्ब्युलन्स’ म्हटले की भोंगा वाजवीत धावणारी गाडी डोळ्यांसमोर येते. त्या काळच्या सैन्यात मात्र फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे वाहन नसून माणसांचे पथक असे. त्याचे दोन भाग असत. एका भागातील शिपाई रणभूमीवरून जखमींना उचलून आणीत. दुसऱ्या भागातील डॉक्टर आणि परिचारक तंबूत त्यांच्यावर प्राथमिक उपचार करीत. उचलून आणणाऱ्यांच्या दंडावर रेडक्रॉसची पट्टी असे आणि खांद्यावर स्ट्रेचर. आघाडीवर जाताना इतर सैनिकांइतकाच धोका त्यांना असे; उलट गोळी झाडण्याची मुभा मात्र त्यांना नव्हती.

नोव्हेंबर १९१४ च्या आरंभी ‘मेडिक’ नावाच्या जहाजाने जॅकचे पथक फ्रीमँटल बंदरातून निघाले. इंग्लंडऐवजी फौजेला उतरवण्यात आले ते इजिप्तमध्ये. पिरॅमिडच्या सावलीत, वाळूच्या छावणीत कवायती सुरू झाल्या. आईची भेट लांबणीवर पडली. ती पुढे कधीच झाली नाही.

शार्पनेलची घळ

दार्दानेल्सची सामुद्रधुनी ताब्यात घ्यावी, इस्तंबूलपर्यंत धडक मारावी आणि रशियाकडे जाणारा समुद्रमार्ग मोकळा करावा, या हेतूने ब्रिटन आणि फ्रान्स यांनी गॅलिपोलीची मोहीम आखली होती. २५ एप्रिल १९१५ रोजी पहाटे ऑस्ट्रेलियन तुकड्या नावांतून किनाऱ्यावर उतरल्या. पुढे ‘अन्झॅक कोव्ह’ म्हणून प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्या खाडीच्या डोक्यावर उभे कडे होते आणि कड्यांवर तुर्की बंदुका. पहिल्याच दिवशी जखमींनी किनारा भरून गेला.

किनाऱ्याच्या दक्षिण टोकापासून आत जाणारी एक घळ होती. तिच्यावर तुर्की तोफांचे गोळे सतत फुटत. हवेत फुटून आतल्या शिशाच्या गोळ्यांचा सडा पाडणाऱ्या या गोळ्यांवरून त्या घळीला ‘शार्पनेल गली’ असे नाव पडले. तिचाच वरचा भाग ‘मोनॅश व्हॅली’ म्हणून ओळखला जाई. आघाडीवरच्या ठाण्यांना पाणी, दारूगोळा आणि अन्न याच वाटेने पोहोचे, आणि जखमीही याच वाटेने खाली येत. घळीच्या माथ्यावर दबा धरून बसलेले तुर्की नेमबाज या वाटेवर डोळे लावून असत. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल ब्रिजेस यांनाही १५ मे रोजी याच घळीत गोळी लागली आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. सेनापतीची जिथे ही गत, तिथे दिवसातून अनेक खेपा करणाऱ्या शिपायाचे काय!

जखमीला वाहून नेण्याचे गणितच बिकट होते. सपाट जमिनीवर दोघांना एक स्ट्रेचर पेलता येते. खडकाळ उतारावर चौघे लागतात. पहिल्या दिवसांत माणसे अपुरी आणि स्ट्रेचर त्याहून अपुरी. त्यात ज्याच्या पायाला गोळी लागली आहे, पण जो बसू शकतो, अशा जखमीसाठी चार धडधाकट माणसे तासन्‌तास अडकून पडत. मोहिमेत पाणी वाहण्यासाठी आणलेली काही गाढवे किनाऱ्याच्या आसपास मोकळी फिरत होती. उतरल्यानंतर दुसऱ्याच दिवशी जॅकला त्यांतले एक दिसले आणि साउथ शील्ड्सच्या वाळूवरचे कसब कामाला आले. जखमीला गाढवावर बसवायचे, एका हाताने त्याला सावरायचे आणि चालू लागायचे. चौघांचे काम एकटा करू लागला.

यात मोठी युक्ती होती असे नव्हे. पोटात, छातीत वा डोक्यात गोळी लागलेल्यांना गाढवावर बसवणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी स्ट्रेचरच हवे होते. पण पायाच्या जखमांचा भार गाढवाने उचलला की स्ट्रेचर आणि माणसे अधिक गंभीर जखमींसाठी मोकळी होत. जॅकच्या कामाचे खरे मोल इथे होते. वर जाताना तो पाणी घेऊन जाई, घळीच्या आडोशाला गाढव उभे करी, स्वतः पुढे जाऊन जखमीला घेऊन येई आणि गाढवावर बसवून किनाऱ्यावरच्या उपचार केंद्रात पोहोचवी. तिथून जखमींना पडावांत घालून इस्पितळी जहाजांवर चढवीत. एका खेपेला सुमारे दोन किलोमीटर उतार उतरायचा आणि पुन्हा तितकाच चढायचा. गाढवाच्या कपाळावर त्याने रेडक्रॉसची पट्टी बांधली होती. गाढवाची नावे मात्र सोबत्यांच्या आठवणीत वेगवेगळी आहेत. कोणी ‘मर्फी’ सांगतो, कोणी ‘डफी’. बहुधा गाढवेही एकाहून अधिक असावीत.

भारतीय तळावरचा पाहुणा

आपल्या पथकाच्या शिस्तीत जॅक फारसा रमला नाही. तो एकट्याने, आपल्या मर्जीने काम करू लागला आणि वरिष्ठांनी त्याचा उपयोग ओळखून त्याकडे काणाडोळा केला. रात्री तो मुक्काम करी तो आपल्या पथकात नव्हे, भारतीय सैनिकांच्या तळावर. या योगायोगामुळे त्याची कथा भारताच्या इतिहासालाही स्पर्श करून जाते.

ऑस्ट्रेलियन फौजेकडे डोंगरात चालणाऱ्या तोफा नव्हत्या. ती उणीव भारतीय सैन्याच्या दोन पहाडी तोफखान्यांनी भरून काढली. त्यांपैकी एक होता एकविसावा कोहाट तोफखाना. तोफांचे भाग सुटे करून खेचरांच्या पाठीवर लादायचे, कड्यावर चढवायचे आणि पुन्हा जोडायचे, ही या तोफखान्यांची खासियत. त्यांत शीख आणि पंजाबी मुसलमान जवान खांद्याला खांदा लावून काम करीत. जनावरांचा तळ म्हणजे दाणा-चारा आलाच. गाढवाच्या चाऱ्याच्या निमित्ताने जॅक तिथे गेला आणि तिथलाच झाला. भारतीय जवानांसोबत तो जेवे, त्यांच्यातच झोपे. भाषा एकमेकांना येत नव्हती. जनावरांवरची माया मात्र दोहोंकडे सारखीच होती. त्याची रोजची खेप पाहून या जवानांनी त्याला नाव दिले, ‘बहादूर’. कोणत्याही सरकारी गौरवाआधी मिळालेली ही त्याची पहिली पदवी.

गॅलिपोलीच्या मोहिमेत सुमारे सोळा हजार भारतीयांनी भाग घेतला, असे अलीकडच्या संशोधनातून पुढे आले आहे. तोफखान्याचे जवान, शीख, पंजाबी आणि गुरखा पलटणी, खेचरांच्या तांड्यांचे चालक, वैद्यकीय पथकांतील माणसे, असा हा मोठा समुदाय होता. त्यांतील बहुतेकांची नावे दीर्घकाळ कोणाच्या स्मरणात नव्हती. एका इंग्रज शिपायाला ‘बहादूर’ म्हणणारे तेच जवान इतिहासाच्या पानांत मात्र बिननावाचेच राहिले.

शेवटची खेप

१९ मे रोजी सकाळी जॅक नेहमीप्रमाणे घळीतून वर निघाला. वाटेतील पाण्याच्या ठाण्यावर तो रोज न्याहारी करीत असे. त्या दिवशी न्याहारी तयार नव्हती, तेव्हा परतताना खाईन असे सांगून तो पुढे गेला, अशी आठवण सांगितली जाते. पहाटेच्या हल्ल्यामुळे वर जखमींची रीघ लागली होती. घळीवर मशीनगनचा मारा चालू होता. त्याच माऱ्यात तो कोसळला. संध्याकाळी समुद्राच्या काठावर, ‘हेल स्पिट’ नावाच्या टोकाजवळ त्याला मूठमाती देण्यात आली. पाच दिवसांनी, २४ मे रोजी दोन्ही बाजूंनी काही तासांसाठी युद्ध थांबवून खंदकांमधले मृतदेह पुरले. तोवर त्या घळीतून जखमींची ने-आण दुसरे स्ट्रेचरवाहक करीतच होते.

घळीत ठाण मांडून असलेल्या चौथ्या ब्रिगेडचे प्रमुख कर्नल जॉन मोनॅश यांनी दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांना कळवले, की हा शिपाई आपल्या ब्रिगेडचा नसूनही पहिल्या दिवसापासून रात्रंदिवस जखमींची वाहतूक करीत होता आणि माऱ्याची पर्वा न करता त्याने केलेले काम मोलाचे होते. युद्धाच्या सरकारी खलित्यात त्याच्या नावाचा उल्लेख झाला. शौर्यपदक मात्र त्याला मिळाले नाही.

दंतकथेचा जन्म

मोहीम फसली. डिसेंबर १९१५ मध्ये अन्झॅकचा किनारा रिकामा करण्यात आला. ऑस्ट्रेलियाचे आठ हजारांहून अधिक सैनिक गॅलिपोलीत कामी आले होते. पराभवातून घरी सांगण्याजोगे काय उरले, याचा शोध सुरू झाला आणि गाढवासह चालणाऱ्या शिपायाची गोष्ट सर्वांच्या हाती लागली. तिच्यात रक्त होते, पण द्वेष नव्हता. धैर्य होते, पण कोणाचा जीव घेणे नव्हते. बायबलमधील गाढवाच्या आठवणीने भाविकांना ती अधिकच जवळची वाटली. वृत्तपत्रांतून, पुस्तकांतून ती फुलत गेली. त्याने तीनशे जणांना वाचवले, हा आकडा कोणीतरी लिहिला आणि पुढच्या प्रत्येकाने तो उचलला.

सक्तीच्या सैन्यभरतीच्या प्रश्नावर ऑस्ट्रेलियात १९१६ आणि १९१७ मध्ये दोनदा सार्वमत घेण्यात आले आणि दोन्ही वेळा जनतेने सक्ती नाकारली. त्या तापलेल्या वातावरणात तरुणांना रणांगणावर बोलावण्यासाठी ज्या आदर्शांची गरज होती, त्यांत जॅकही ओढला गेला. धनिकांविरुद्ध क्रांतीची भाषा करणारा, जहाजावरून पळालेला मजूर आज्ञाधारक देशभक्ताच्या साच्यात बसवला गेला.

चित्राचीही अशीच गंमत झाली. न्यूझीलंडचे चित्रकार होरेस मूर-जोन्स यांनी रंगवलेले गाढव आणि जखमी सैनिकाचे चित्र जगभर गेले. वर्षानुवर्षे लोकांनी त्यातील माणूस सिम्प्सनच मानला. प्रत्यक्षात ते चित्र एका छायाचित्रावरून काढलेले होते आणि छायाचित्रात होता न्यूझीलंडचा शिक्षक डिक हेंडरसन. तोही गॅलिपोलीत गाढवावरून जखमी वाहणारा वैद्यकीय सैनिकच होता. तो युद्धातून जिवंत परतला, १९५८ मध्ये वारला. त्याचा चेहरा प्रसिद्ध झाला आणि नाव दुसऱ्याचे लागले.

१९३६ मध्ये मेलबर्नच्या स्मृतिमंदिरात जॅकचे शिल्प आले. १९६५ मध्ये गॅलिपोलीच्या पन्नाशीनिमित्त टपाल तिकिटांवर, १९६७ मध्ये अन्झॅक स्मृतिपदकावर तो झळकला. १९८८ मध्ये कॅनबेराच्या युद्धस्मारकाबाहेर त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. त्याच वर्षी साउथ शील्ड्सनेही आपल्या मुलाचा पुतळा उभारला. १९९७ मध्ये तर गाढवालाही प्राण्यांच्या सेवेसाठीचा ‘पर्पल क्रॉस’ हा सन्मान देण्यात आला.

पदक आणि प्रश्न

जॅकला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळावा, ही मागणी मात्र शमेना. १९६७ मध्ये ब्रिटनने ती नाकारली. पुढेही ती पुनःपुन्हा डोके वर काढत राहिली. अखेर जुन्या शौर्यप्रकरणांची तपासणी करण्याचे काम ऑस्ट्रेलियातील संरक्षण सन्मानविषयक न्यायाधिकरणाकडे सोपवण्यात आले आणि २०१३ मध्ये त्याचा अहवाल आला. दरम्यान ग्रॅहम विल्सन या इतिहासकाराने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मूळ कागदपत्रे तपासून तीनशेच्या आकड्याला आणि इतर अनेक आख्यायिकांना आधार नसल्याचे दाखवून दिले होते. न्यायाधिकरणाने जॅकला वेगळे पदक देऊ नये, असा निष्कर्ष काढला. त्याचे धाडस आणि पुढाकार खरे होते. पण तिसऱ्या फील्ड ॲम्ब्युलन्सचे इतर स्ट्रेचरवाहकही त्याच घळीत, त्याच माऱ्यात तेच काम करीत होते. जॅक त्यांच्यातलाच एक होता.

अनेकांना हा निकाल कडू लागला. तरीही नीट पाहिले, तर या निकालाने जॅकचे काही हिरावून घेतलेले नाही. आख्यायिकेने त्याला कळपातून बाहेर काढून एकट्याला चौथऱ्यावर चढवले होते. कागदपत्रांनी त्याला पुन्हा त्याच्या सोबत्यांमध्ये आणून उभे केले. त्याच्याबरोबर आता स्ट्रेचरचे दांडे धरून उतारावर घसरणारे ते सर्व बिननावाचे शिपाई दिसू लागतात. भर माऱ्यात खेचरांची दोरी न सोडणारे कोहाट तोफखान्याचे जवान दिसतात. आपल्याच चित्रावर दुसऱ्याचे नाव वाचत जगलेला हेंडरसन दिसतो. तीनशेचा आकडा गळून पडला, तरी एक गोष्ट शिल्लक राहते. त्या चोवीस-पंचवीस दिवसांत वर गेलेला हा तरुण प्रत्येक वेळी कोणाला तरी घेऊन खाली आला, आणि खाली आल्यावर पुन्हा वर जायला निघाला.

अन्झॅक कोव्हच्या दक्षिण टोकाला, लाटांच्या अगदी जवळ, बीच सिमेटरी नावाची लहानशी दफनभूमी आहे. दरवर्षी २५ एप्रिलच्या सुमारास दूरदेशीचे लोक तिथे येतात आणि जॅकच्या थडग्याशी हमखास थबकतात. आसपासच्या थडग्यांवरही तितकीच तरुण वये कोरलेली आहेत. साउथ शील्ड्सला, आईकडे जाण्यासाठी निघालेला मुलगा तिथे विसावला आहे, ज्यांच्यातला तो होता त्यांच्याच सोबतीने.